पाइपावरचा राब

धसई, मंगळवार, १७ एप्रिल २००७, संध्याकाळ

आज सुमनच्या बापाच्या, तात्यांच्या, पेटत्या राबावर मी घागर ओतली आणि सगळं संपलं.

कॉलेज सोडून या गॅसलाइनवर राखणदार झालो ते कशासाठी? नोकरी असली तर तात्या पोरगी देतील म्हणून! साहेबांनी गळ्यात शिट्टी अडकवली. शेताखालच्या पाइपावर विस्तव दिसला की विझवायचा. पण पाला-शेण जाळून वाफा भाजलाच नाही तर भात पेरायचं कुठं?

तात्या ओरडले नाहीत. "तुजा गॅस मुंबईला जातो रे. आमच्या चुलीत लाकडाच!"

सुमन ओल्या राखेकडं बघत म्हणाली, "वाजव ना आता शिट्टी. वाजव!"

मुंबईत म्हणे रिक्षा बिनधुराच्या धावतात. धावू देत. त्यांचा धूर गेला, धास्ती आमच्या वाफ्याखाली पुरली. आणि धास्ती खोटी नाही, हाच तर संताप! गळती असती तर राबाशी उभी सुमनच आधी पेटली असती. हे तिला कोण सांगणार? ती ओली राख डोळ्यांपुढून हलत नाही.

तात्यांच्या वरच्या खाचरात पाइप नाही. तिथं पाला-शेण मीच वाहणार, तात्यांनी शिव्या घातल्या तरी.

शिट्टी खुंटीला टांगली. टोपली घेतली. निघालो, दार ओढून घेतो.