नवाबाचा रोजा

४ मार्च, मंगळवार

तिसरा दिवस. नवाबानं आजही तोंड उघडलं नाही.

नवाब म्हणजे न्यूट — पाण्यात राहणारी, लाल पोटाची, बोटभर पाल म्हणा. आमच्या जैनबनं हौसेनं आणला आणि नर्सिंग शिकायला लातूरला जाताना काचेच्या टाकीसकट माझ्या दुकानात ठेवून गेली. म्हणाली, "अब्बू, ह्याला मरू देऊ नका." मी म्हणालो, वीस वर्षं कूलर दुरुस्त करतोय, हे एवढंसं जनावर काय जड आहे!

दुपारी तिचा फोन. "नवाब खातोय का?" परीक्षा जवळ आलीय तिची. म्हणून सांगितलं, दोन गांडुळं खाल्ली. रोज्याच्या तोंडानं खोटं बोललो.

५ मार्च

उकडलेलं अंडं, शेवया, भिजवलेला पाव. तिन्हीकडं पाठ.

तरन्नुम म्हणाली, "रमजान हाय. त्यानंबी रोजा धरला असंल." बायको चेष्टा करत होती. पण मी शहाणा — संध्याकाळी मगरिबची अजान झाल्यावर स्वतः खजूर खायच्या आधी त्याच्यापुढं गांडूळ धरलं! त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की गांडुळालाही माझी कीव आली असावी.

८ मार्च

गांडुळं देतो शेजारचा महारुद्र. खताचं दुकान आहे त्याचं, गांडूळखताची पोती असतात. लिंगायत माणूस, गळ्यात लिंग, घरात अंडंही चालत नाही. पोतं उघडून देतो आणि तोंड फिरवतो. "तू घे. म्या बघितलं न्हाई."

जैनबला सांगितलं, आज तीन खाल्ली. आकडाही वाढवतोय मी.

१२ मार्च

नवाब वाळलाय. शेपटीजवळ हाडं दिसतात. चिमट्यानं गांडूळ तोंडाला लावलं, तर कोपऱ्यात जाऊन काचेला नाक लावून बसला.

मेला तर पोरीला काय सांगू? काल तीन खाल्ली आणि आज मेला? भीती वाटते. इथं लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.

१३ मार्च

महारुद्र आज पहिल्यांदाच दुकानात आतपर्यंत आला. घाम पुसत म्हणाला, "पत्र्याखाली हितं माणूस शिजतोय. त्यो कशाला खाईल रं?"

मी टाकीच्या पाण्यात बोट घातलं. चहापत्ती टाकायचीच बाकी होती. मोबाईलवर शोधलं — न्यूटला गार पाणी लागतं, पाणी तापलं की तो खाणं सोडतो. आणि माझ्याभोवती अकरा कूलर उभे! अक्कल गहाण टाकलेला मेकॅनिक वडवणीत दुसरा नसेल.

आसारामकाकांचा दुरुस्तीला आलेला कूलर तयार होता, तोच टाकीकडं तोंड करून लावला. तेवढ्यात काका न्यायला आले. म्हणालो, "दोन दिवसांनी या, मोटार तपासतोय." काका म्हणाले, "लई मन लावून काम करतूस बाबा." मान खाली घातली.

१५ मार्च

खाल्लं! अख्खं एक. मग अर्धं अजून.

महारुद्रला हाक मारली. या खेपेला त्यानं तोंड फिरवलं नाही. "बेस झालं," म्हणाला आणि बराच वेळ बघत उभा राहिला. काकांचा कूलर घरपोच केला, टाकीला जुना पंखा लावला. उद्या जैनबला खरं सांगून टाकतो.

१६ मार्च, रविवार

सांगितलं. बारा दिवस खोटं बोललो म्हणून माफी मागितली. वाटलं, चिडेल. ती तर रडायला लागली.

"अब्बू, मीबी खोटं बोलले. अम्मीला सांगते सगळं मिळतं, पण हितली मेस आठला उघडते. पहाटे सहरीला खायला काईच नसतं. निस्तं पाणी पिऊन रोजे धरतेय. काल वॉर्डात चक्कर येऊन पडले."

रोज फोन व्हायचा. रोज मी एका पालीच्या जेवणाच्या थापा मारत बसलो. तू काय खाल्लंस, हे एकदाही विचारलं नाही.

तरन्नुम डबा भरतेय. लातूरची गाडी अकराला आहे.