कपाटावरची क्रेन

प्रिय भिंगरी,

हे पत्र मी शाळेतल्या आपल्या यंत्रांच्या क्लबच्या खोलीत बसून लिहितेय, तेव्हा अक्षर वेडंवाकडं दिसलं तर बोल मला नको, या टेबलाला लाव. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला फ्यूज करवत चालवतोय. फ्यूज म्हणजे सातवीतला तो गुबगुबीत मुलगा, ज्यानं कशाला हात लावला की खोलीतले दिवे जातात. पोरगा गुणी आहे, पण त्याच्या हातांना धीर म्हणून नाही. एक ओळ लिहिली की कुणीतरी "बाई!" म्हणून हाक मारतं, मी उठते, तिथली वायर बघते, याचा कान पकडते, आणि परत येऊन बसते तो काय लिहायचं होतं तेच हरवलेलं असतं. खरं सांगू? हरवत नाही. उठायला निमित्त मिळालं की बरं वाटतं, एवढंच. हल्ली माझं कशात म्हणून चित्त नाही. परवा चहात साखरेऐवजी मीठ घातलं. तुझे बाबा अर्धा कप प्यायले, मग शांतपणे म्हणाले, "आज काही नवीन प्रयोग आहे का?"

उद्या मोडणी आहे. तुला वेगळं सांगायला नको, पण सांगते, कारण मला ते स्वतःलाच ऐकवायचंय. आपल्याकडे मोटरी, चाकं, कप्प्या मोजक्या आणि पोरं मोप, म्हणून वर्षभर शाळा सुटल्यावर जे जे जोडलं ते शेवटच्या दिवशी ज्याचं त्यानं उघडायचं. स्क्रू स्क्रूच्या डब्यात, दातेरी चाकं आकारानं लावायची, वायरी गुंडाळून ठेवायच्या. पुढच्या वर्षीच्या मुलांना कोरी सुरुवात मिळायला हवी. दरवर्षी कुणीतरी रडतं, आपली पवनचक्की पोटाशी धरून बसतं, आणि मी दगडासारखी उभी राहून म्हणते, "हात शिकले ना? मग झालं तर." नियम माझाच, आणि तो मोडला तोही मीच. तुझी क्रेन तेवढी कपाटावर राहिली. आधी नुसती होती, मग मी तिला काचेची पेटी करून घेतली. कुणी पाहुणा आला, कुणाचे आईवडील आले, की मी त्यांना कपाटासमोर उभं करते. "ही माझ्या मुलीनं नववीत केली. आता इंजिनिअरिंगला आहे." मुख्याध्यापकांना तर ते इतकं पाठ झालंय की मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणून टाकतात.

आता क्लबातल्या टाचणीचं ऐक. अंगानं टाचणी आणि बोलणंही तसंच टोचरं. तिचे वडील रंगारी. शिडीवरून पडले, खांदा निकामी झाला, आणि यांचं घर दुसऱ्या मजल्यावर, जिथं नळाला पाणी चढत नाही. अंगणातून बादल्या वर नेण्याचं काम आई कामावर गेली की टाचणीवर येतं. म्हणून ती बादली वर ओढणारं यंत्र करतेय. खेळण्यातल्या मोटरीवर करून बघितलं, मोटर नुसती कण्हते. दोन मोटरी जोडल्या, तर बटण बंद केल्याबरोबर बादली जी सुटली ती थेट खाली. जिन्याखाली कोण उभं होतं ते ओळख. फ्यूजची सगळ्यांदेखत आंघोळ झाली. तिला हवी गाडीच्या वायपरची मोटर. तिच्या आत मळसूत्र असतं, ते चाकाला फिरवतं, पण चाक उलट त्याला फिरवू शकत नाही, म्हणून वीज गेली तरी ओझं मागे घसरत नाही. भंगारवाल्याकडे दोनदा खेटे घातले. पठ्ठ्या "येईल तेव्हा देतो" यापुढे सरकत नाही. क्लबात तशी मोटर एकच आहे. तुझ्या क्रेनमध्ये.

टाचणीनं ती मागितली नाही. मागितली असती तर मी सरळ नाही म्हटलं असतं आणि मोकळी झाले असते. ती काचेसमोर उभी राहिली आणि तिनं विचारलं, "बाई, हिची मोडणी का नाही होत?" मी तिच्यावर खेकसले. काचेला हाताचे डाग पडतात, म्हटलं. सगळ्या खोलीला ऐकू गेलं. त्या दिवसापासून ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलते, आणि मी घरात या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या मारते. बाबांना सगळं सांगितलं, म्हटलं, भिंगरीला विचारते. तर म्हणाले, "तुला विचारायचंय की सांगायचंय?" हा माणूस वर्षभरात चार वाक्यं बोलतो आणि चारही झोंबतात.

मध्येच आठवलं. मागच्या रविवारी तू फोनवर प्रयोगशाळेतलं सांगत होतीस, की व्होल्टमीटर सर्किटच्या मधोमध जोडला आणि रीडिंग घेतलं. सातवीतल्या पोरानं असं म्हटलं असतं तर मी त्याला उठून उभं केलं असतं. व्होल्टमीटर बाजूनं जोडतात हे तुला दुधाचे दात पडायच्या आधीपासून ठाऊक आहे. मी नुसतं "हं" म्हणाले. मागे पत्र्याचे ट्रे आपटल्यासारखा आवाज येत होता. तू म्हणालीस, वर्कशॉप चालू आहे. रविवारी सकाळी? मी त्यालाही "हं" म्हणाले. इतकी "हं" मी जन्मात कुणाला म्हटली नसेल.

थांब, उठते. कुणीतरी परत हाक मारतंय.

आले. मधे बराच वेळ गेला, हाताला ग्रीस आहे, कागदावर डाग पडलाय तो तोच. कुणी हाक मारली नव्हती, भिंगरी. मीच उठले, पेटी खाली काढली, टाचणीला बोलावलं आणि तिच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर दिला. ती घेईना. म्हणाली, "तुमच्या मुलीला विचारलंत?" म्हटलं, तिलाच लिहितेय. मग आम्ही दोघींनी मिळून उघडली. गंजलेल्या नटांवर तेलाचा थेंब, थोडी वाट बघायची, मग पाना. एकेक भाग हातात आला तसं मला दिसत गेलं. चाकांचे दाते घासलेत ते मी. कप्पी बसवलीय ती मी. बोल्ट आवळलेत तेही माझ्याच पद्धतीनं, गरजेपेक्षा जास्त. अख्ख्या यंत्रात निखालस तुझं असं एकच निघालं, दोरीच्या टोकाचं ते पत्र्याचं भांडं. त्याची कड तू चारी बाजूंनी आत दुमडली होतीस, एकसारखी, कुणाचं बोट कापू नये म्हणून. एवढं नीट काम त्या क्रेनमध्ये दुसरं नाही. इतकी वर्षं मी लोकांना दाखवत होते आणि ते मला दिसलं नव्हतं.

टाचणीनं मोटर बसवली; हे यंत्र उद्या उघडायचं नाही, तिच्या घरी जायचं. जिन्याच्या कठड्यावरून भरलेली बादली वर निघाली, सावकाश, न हिंदकळता. तेवढ्यात फ्यूजनं त्याच बोर्डावर गोंद वितळवायची बंदूक लावली आणि अंधार. कुणी किंचाळलं, खालची पोरं पळाली. मग डोळे सरावले तर बादली तिथंच, अधांतरी. थेंबसुद्धा सांडला नव्हता. काय गलका झाला म्हणून सांगू! टाचणी चक्क माझ्या कमरेला मिठी मारून उड्या मारत होती. आणि मी त्या बादलीकडे बघत राहिले. पडत नाही हे खरं, पण वरही जात नाही. दर रविवारी तू अशीच टांगलेली असतेस, आणि खाली मी, नुसतं "हं" म्हणत. मला तिथंच, पोरांच्या देखत, रडू आलं. आनंदानं रडतात बाई, असं फ्यूजनं सगळ्यांना समजावलं.

आता जे सांगायला बसले ते सांगते. मागच्या महिन्यात मी तुझ्याकडे आले होते. तुझा निळा स्वेटर द्यायचा होता, न कळवता येऊन तुला चकित करायचं होतं. झाले मीच. तुझ्या जुन्या खोलीतल्या मुलीनं चाचरत सांगितलं, कॉलेज सोडलंय, ती आता बेकरीत असते. मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहिले. काचेतून तू दिसलीस, कोपरापर्यंत पिठात. कणकेच्या गोळ्यात बोट दाबलंस, तो खळगा भरून येतोय का ते बघत थांबलीस, आणि भरून आल्यावर एकटीच हसलीस. क्रेनपाशी तू असं कधी हसल्याचं मला आठवत नाही. मला आधी संताप आला, तशीच परत फिरले, आणि बसमध्ये सगळा वेळ तो स्वेटर तोंडाला लावून बसले. आज संध्याकाळी टाचणीचे वडील तिला न्यायला आले, रिकाम्या पेटीकडे बघून म्हणाले, "तुमची मुलगी मोठी इंजिनिअर होणार ना?" मी म्हटलं, "नाही हो. ती पाव करते. फार छान करते." आणि तो पाव मी अजून खाल्लेलाच नाही. तेव्हा या रविवारी फोन करू नकोस, व्होल्टमीटर तर अजिबात जोडू नकोस. मी येतेय. सोबत स्वेटर आणतेय आणि तुझं ते पत्र्याचं भांडं, त्यात छोटासा पाव भाजता येईल असं वाटतं. या वेळी रस्ता ओलांडून येईन.

तुझीच, ग्रीसच्या हातांची,
आई