रोसामेलचा नंबर लागला त्या दुपारी

मी, झुनिल्दा देल कार्मेन ओयार्से, कै. रोसामेल बाआमोंदे यांची विधवा, धंदा मासळीच्या एम्पनाडा, म्हणजे तिखट करंज्या, तळून विकणे, राहणार कालेता लोस केल्तेवेस, चिली, आज नोटरीसाहेब आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर माझ्यामागे कशाचं काय व्हावं ते लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. पोट ठिकाणावर नाही, त्यात गाठ आहे. पण मृत्युपत्राला पोट लागत नाही, असं नोटरीसाहेब म्हणाले. दडपण आणायला दोघं होते, माझा मुलगा लेओनिदास आणि धाकटा दीर आबेलिनो. त्यांना जुमानायचं नाही म्हणूनच हा खटाटोप.

कलम पहिलं, राहत्या घराबद्दल. बसथांब्यासमोरचं हे लाकडी घर माझ्या जिवात जीव असेपर्यंत विकायचं नाही, माझ्या औषधपाण्यासाठीसुद्धा नाही. लेओनिदास राजधानीत आरोग्यविमा विकतो. त्याचं म्हणणं, घर विकून मला खाजगी क्लिनिकमध्ये न्यावं. आबेलिनो लष्कराच्या राजवटीत पळून स्वीडनला गेला आणि म्हातारपणी परत आला. त्याचं म्हणणं, एक पेसोही खर्चायचा नाही, सरकारी इस्पितळाच्या यादीत नाव आहे, आपला हक्क आहे, थांबायचं. दोघांचंही बरोबर असेल. मी शिकलेली नाही. मला एवढंच कळतं की या दोघांच्या बरोबर असण्यात माझा नवरा गेला.

ते कसं, हे लिहिल्याशिवाय पुढची कलमं कळायची नाहीत.

रोसामेल होड्या बांधायचा. हृदयाची झडप खराब झाली, फळी उचलली की धाप लागायची. आरोग्य केंद्रातल्या क्लेमेंतिना नर्सने त्याचं नाव शहरातल्या सरकारी इस्पितळाच्या यादीत घातलं. तेव्हापासून दर रविवारी माझ्या टेबलावर काका-पुतण्याची जुंपायची. काका स्वीडन आणि क्यूबा मांडायचा, पुतण्या अमेरिका काढायचा. मग कॅनडावरून वाद. कॅनडात लोक रांगेत मरतात, नाही, अमेरिकेत बिल बघून मरतात. सूप गार व्हायचं. माझ्या स्वयंपाकघरात यांनी चार देशांची इस्पितळं बांधली आणि पाडली, आणि रोसामेलला एकातही खाट मिळाली नाही. तो पाव मोडत म्हणायचा, ‘‘तुमचं ठरलं की सांगा रे. तोवर मी बसलोय.’’

यादी काही हलेना, तेव्हा गावाने आमच्याकडची रीत पाळली. माणूस आजारी पडला की बिंगो करायचा. शाळेच्या हॉलमध्ये आकड्यांच्या पत्रिका विकायच्या, आकडे पुकारायचे, बक्षिसं शेजाऱ्यांनी द्यायची, जमेल ते क्लिनिकला. शेजारच्या एर्नाल्दोने बक्षिसाला कोकरू दिलं. रोसामेल कोट घालून पुढच्या खुर्चीत बसला, कारण ज्याच्यासाठी बिंगो त्याने सगळ्यांना दिसायला हवं. हात मिळवून मिळवून तो दमला. पुढच्या गलक्यात फोन वाजला तर ऐकू यायचा नाही म्हणून त्याने तो भावाच्या आणि मुलाच्या टेबलावर ठेवला होता. मी मागे तळणीवर होते.

बक्षिसांच्या मधल्या सुट्टीत दोघांची पुन्हा सुरू झाली. फोन वाजला, अनोळखी नंबर. लेओनिदासने कापला. म्हणाला, हे आमच्याच धंद्यातले, विमा विकणारे, शनिवारी दुपारी माणूस घरी सापडतो म्हणून पिडतात. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा आबेलिनोने उचलला आणि पलीकडच्या बाईला तोंड उघडू दिलं नाही. त्याचं बोलणं मला तळणीपर्यंत ऐकू आलं: ‘‘आमचा माणूस मरायला टेकलाय आणि तुम्ही त्याच्या जिवावर धंदा करता? लाज वाटत नाही?’’ हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

सोमवारी क्लेमेंतिना आली. ती दारातच उभी राहिली. म्हणाली, ‘‘रोसामेलकाका, शनिवारी खाट रिकामी झाली होती. इस्पितळातून तीनदा फोन लावला. शेवटी कुणी तरी त्यांचीच लाज काढली. मग त्यांनी पुढच्याला बोलावलं.’’

रोसामेलने विचारलं, ‘‘कोणाला मिळाली?’’

‘‘डोंगराकडची एक बाई आहे.’’

‘‘वाया नाही गेली म्हणजे,’’ तो म्हणाला.

आणि हे दोघं? एकाने मान तरी खाली घालावी! आबेलिनो म्हणाला, स्वीडनमध्ये घरी पत्र येतं. या विमावाल्यांनी देशाला अनोळखी फोनची भीती घातली, त्यात माझा काय दोष. लेओनिदास म्हणाला, काका, क्लिनिकने घरी गाडी पाठवली असती. मी पोळपाट आपटला तेव्हा गप्प झाले.

बिंगोच्या पैशांत क्लिनिकमध्ये गेलोच आम्ही. तिथे काय दुखतंय हे विचारायच्या आधी विमा कोणता ते विचारलं. दालनात काचेच्या हौदात मासे होते. रोसामेल म्हणाला, ‘‘यांना बरी जागा मिळाली.’’ गावाने जमवलेले पैसे नुसत्या तपासण्यांत संपले. झडपेचे पैसे वेगळे, म्हणाले. हिवाळा सरायच्या आत तो त्याच्या खुर्चीतच गेला. मयतालाही दोघं भांडले. दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ म्हणतात. आमचा तिसरा पेटीत पडून ऐकत होता.

म्हणून माझ्यामागे हे घर मच्छीमार संघाला जावं. डोंगराकडच्या ज्या माणसाला इस्पितळाचं बोलावणं येईल, त्याने आदल्या रात्री इथे झोपावं आणि पहाटेची बस पकडावी. त्याला गरम सूप द्यावं आणि जेवताना कुठल्याही देशाचं नाव काढू नये.

कलम दुसरं. टेकडीवरची पाइनची जमीन मुलगा लेओनिदास याला. कायद्याने त्याचा वाटा मला मारता येत नाही, आणि नोटरीसाहेबांच्या मते जमीन घराच्या कितीतरी पट किमतीची आहे, तेव्हा त्याने कोर्टात जायची तसदी घेऊ नये. तो माझा एकुलता मुलगा आहे. राग आहे म्हणून मुलगा कमी होत नाही, आणि माझा मुलगा आहे म्हणून रागही कमी होत नाही.

कलम तिसरं. दीर आबेलिनो याला रोसामेलची खुर्ची. तीत बसून रोसामेलने वाट कशी पाहिली, ते त्याने बसून बघावं. त्याने मला आणलेलं स्वीडनचं लोकरी जाकीट मी वापरलं नाही, ते परत न्यावं.

कलम चौथं. रोसामेलचा वाकस, पटाशा आणि सांधे बुजवायची हत्यारं एर्नाल्दोला. त्याने कोकरू दिलं आणि कधी बोलून दाखवलं नाही.

कलम पाचवं. ते कोकरू पलीकडच्या घरातल्या ओतिलियाने जिंकलं. आमच्याकडे आजाऱ्याच्या बिंगोत जिंकलेलं बक्षीस माणूस परत देतो, म्हणजे ते पुन्हा खेळात लावून आणखी पैसे जमतात. तिने त्याच संध्याकाळी भाजलं, वास आमच्या खिडकीपर्यंत आला. ओतिलियाला माझी मोठी भाजायची परात. उपयोगी पडेल.

कलम सहावं. माझ्यासाठी बिंगो करायचा नाही. कोणी पत्रिका छापल्या तर एर्नाल्दोने त्या चुलीत घालाव्यात.

कलम सातवं आणि शेवटचं. माझा फोन लेओनिदास आणि आबेलिनो या दोघांना मिळून. इस्पितळाकडे हाच नंबर आहे. माझं ऑपरेशन त्यांच्या यादीत आहे आणि वरातीमागून घोडं आणायची त्यांची सवय मला माहीत आहे. मी गेल्यावर फोन येईलच. तोवर तो रोज चार्ज करायचा, आणि वाजला की उचलायचा, विमावाल्याचा असला तरी. दोघांनी आळीपाळीने तो सांभाळावा. मला मुलाकडून आणि दिराकडून दुसरं काही नको.

इस्पितळातली बाई माझं नाव घेईल. तिला पूर्ण बोलू द्यावं. मग नीट सांगावं: ‘‘झुनिल्दाबाई गेल्या. खाट पुढच्याला द्या. आणि पुढच्याने उचलला नाही तर पुन्हा लावा, आमच्याकडे असंच झालं होतं.’’

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे. ओतिलियाचं कलम खोडण्याचा सल्ला नोटरीसाहेबांनी दिला; मी खोडलं नाही.

सही: झुनिल्दा देल कार्मेन ओयार्से

साक्षीदार, ज्यांना यातून काहीही मिळत नाही:
एलेउतेरिओ काम्पोस, होडीवाला
ब्रिसेल्दा मुन्योस, शाळेतली स्वयंपाकीण
ओनोफ्रे सानुएसा, बसचालक

ठिकाण: कालेता लोस केल्तेवेस
दिनांक: १४ मे २०१९