उपाशी जिवाणूंच्या वसाहतीतून

आदरणीय भाऊजी यांस,

साष्टांग नमस्कार. (कागदावरचा साष्टांग सोपा. प्रत्यक्ष घालायचा तर इथे इतकी धूळ आहे की उठल्यावर तुम्ही मला ओळखणार नाही.) इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, तिकडे तुम्ही त्याहून ठीक असाल अशी आशा आहे. तुमची पाठ कशी आहे? ताईचा गुडघा? मुलांची आठवण येते असं लिहिणार होतो, पण ती आता इतकी वाढली असतील की आठवण नेमकी कुठल्या उंचीची काढायची ते कळत नाही. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. ह्या पत्रामागे काही हेतू आहे असं कृपा करून समजू नका. मन भरून आलं, लिहायला बसलो, इतकंच. काम असल्याशिवाय मी कुणाला विचारत नाही असं लोक म्हणतात, पण लोकांना काय, तोंड आहे.

जुन्या घरी जे झालं त्याचा विषय मी काढणार नाही. काढायचाच झाला तर एवढंच म्हणेन की आईचं चुकलं. जावई न्हाणीघरात आहे, अंगभर साबण आहे, डोळे मिटलेले आहेत, अशा वेळी बाहेरून पाण्याचा कॉक बंद करणं कुठल्याच सासूला शोभत नाही. (तुम्हाला आत जाऊन किती वेळ झाला होता हा मुद्दा मी मुद्दाम बाजूला ठेवतो. बाहेर टॉवेल घेऊन मी ताटकळत होतो, पण माझं काय, मी घरचाच.) तुम्ही तो साबण तसाच पुसलात, त्यावर शर्ट चढवलात आणि न जेवता ताईला घेऊन निघून गेलात. बसमध्ये घाम आल्यावर शर्टातून फेस येऊ लागला असं ताईने नंतर कळवलं, तेव्हा आईसुद्धा जराशी वरमली होती. पण माफी मागणं तिच्या अंगात नाही. आत भरलेली बादली ठेवली होती, ती काय शोभेला होती का, एवढंच ती आजवर म्हणत आली आहे. तेव्हापासून तुम्ही आला नाहीत आणि ताईही आली नाही. आई रोज दाराकडे तोंड करून बसते, आणि विचारलं तर म्हणते की इकडून वारा येतो. ह्या वसाहतीत वारा कुठूनच येत नाही, भाऊजी. एका नळापायी मायलेकींची तोंडं एकमेकींना दिसू नयेत ह्याचं मला फार वाईट वाटतं. असो.

आम्ही नव्या वसाहतीत राहायला आलो हे तुमच्या कानावर आलंच असेल. ही साधीसुधी वसाहत नाही, शाश्वत आहे. कमानीवरच तसं लिहिलंय, म्हणजे शंकेला जागा नाही. चहूकडे रखरखीत माळ आणि मध्येच ही, कुणीतरी विसरून गेलेल्या डब्यासारखी. सायकलींसाठी वेगळा रस्ता आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सावलीची झाडं आहेत. झाडं तूर्त गुडघ्याएवढी असल्यामुळे सावली हवी असेल तर सायकलवरून उतरून आडवं व्हावं लागतं. भिंती अशा खास बांधल्यात की उन्हाळ्यात घर आपोआप गार राहावं. ते कसं राहतं हे माहितीपत्रकात चित्रांसकट समजावलंय, आणि उकाडा असह्य झाला की आम्ही तेच माहितीपत्रक हलवून वारा घेतो. कागद चांगला जाड आहे, तेवढा उपयोग झाला.

खरी करामत मात्र पाण्याची. आपण वापरलेलं पाणी गटारातून वसाहतीच्या टोकाला, सांडपाणी शुद्ध करायच्या केंद्रात जातं. तिथल्या टाक्यांमध्ये जिवाणू असतात, ते त्यातली घाण खातात, आणि निवळलेलं पाणी झाडांना घालायला आणि छपरांवरची सोलर पॅनेल धुवायला मिळतं. पॅनेलवरची धूळ गेली की वीज तयार होते, विजेवर पंप चालतो, पंपाने खोल बोअरचं पाणी घराघरात येतं, ते आपण वापरतो आणि पुन्हा गटारात सोडतो. असं हे चक्र आहे. फिरलं की फिरतच राहतं म्हणतात. पण थांबलं तर पहिला धक्का कुठून द्यायचा हे कुणीच सांगत नाही, आणि आमचं थांबायला आलंय.

आता का, ते ऐका. ज्या थोर डोक्यांनी ही वसाहत आखली त्यांनी माणूस दिवसाला किती पाणी गटारात सोडतो ह्याचा अंदाज अशा कुठल्यातरी ठिकाणचा धरला, जिथे माणसं तुमच्यासारखी मोकळ्या मनाने आंघोळ करतात. आणि राहायला आणलं कुणाला? तर आम्हाला, टँकरच्या मागे धावत लहानाचे मोठे झालेल्या मंडळींना. आमच्या घरचंच सांगतो. आई टबात बसून आंघोळ करते. त्या पाण्यात कपडे भिजतात, कपड्यांच्या पाण्याने फरशी पुसली जाते आणि फरशीचं पाणी दारातल्या लिंबाला. तांदूळ धुतलेलं पाणी लिंबाला, भांडी विसळलेलं पाणी लिंबाला. चूळसुद्धा आम्ही लिंबापाशी उभं राहून भरतो. गटारापर्यंत पोचण्याचं भाग्य आमच्या घरात एकाही थेंबाच्या कपाळी नाही. आणि आई काही एकटी नव्हे, इथे घरोघरी आयाच आहेत. त्यामुळे गटारात जे काही पडतं (त्याचं वर्णन वडीलधाऱ्यांना लिहायच्या पत्रात करता येत नाही) ते वाहत नाही, जागच्या जागी बसून राहतं. तिकडे केंद्रातले जिवाणू उपाशी.

केंद्रावरचा इंजिनियर भला माणूस आहे, पण त्याची दशा बघवत नाही. जिवाणूंवर त्याची पोटच्या पोरांसारखी माया. रोज सकाळी पडलेल्या चेहऱ्याने येतो आणि कालही त्यांच्या पोटात काही गेलं नाही म्हणून सांगतो. मध्यंतरी न राहवून त्याने ऑफिसातली साखर टाक्यांत ओतली, तेव्हापासून तिथला चहा बिनसाखरेचा मिळतो. महिनाअखेरीला तपासणी समिती येणार आहे. केंद्र नीट चालू दिसलं नाही तर वसाहतीची परवानगी रद्द, आणि परवानगी रद्द म्हणजे आम्ही पुन्हा बोचकी बांधून टँकरच्या वाटेकडे डोळे लावायला मोकळे.

ह्यावर सोसायटीची सभा झाली आणि मला सचिव नेमण्यात आलं. (मी सभेला गैरहजर होतो, हीच माझी पात्रता.) माझ्याकडे काम काय, तर लोकांना पाणी सांडायला शिकवायचं. भाऊजी, मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, थेंब थेंब वाचवा म्हणून पोरांकडून घोकून घेतलं, आणि आता घरोघर फिरून सांगतोय की बाई, जरा नळ सोडा. चौकाचौकांत 'पाणी वाचवा' असे फलक आहेत. ते काढायला वरून परवानगी लागते, म्हणून मी प्रत्येकाखाली कंसात 'पण इतकं नको' असं रंगवून घेतलं. लोक थांबून वाचतात, मान डोलावतात आणि घरी जाऊन टबात बसतात. स्वतःपासून सुरुवात करावी म्हणून मी एकदा घरातला बेसिनचा नळ भर दुपारी सोडून ठेवला. आई उठून आली, तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं, नळ बंद केला आणि बायकोला सांगितलं की ह्याला उन्हात पाठवत जाऊ नकोस.

शेवटी इंजिनियरने एक अफलातून युक्ती काढली. आपल्याकडे सांडपाणी नाही ना, मग बाहेरून मागवू. जुन्या शहराला ते नकोच आहे, एक टँकर भरून आणू आणि पोरांना (जिवाणूंना) एकदा पोटभर जेवू घालू. युक्ती चांगलीच होती. फक्त टँकर हा शब्द आमच्या मंडळींसमोर उच्चारायचा नसतो, तो दाखवायचा तर त्याहून नसतो, हे त्याच्या ध्यानात आलं नाही, आणि माझ्या आलं नाही ह्याची मला लाज वाटते. सकाळी कमानीतून टँकर आत शिरला. कुणीही कुणाला हाक मारली नाही, पण तो चौकात पोचेपर्यंत अख्खी वसाहत रांगेत उभी होती. हंडे, कळशा, बादल्या, पिंपं, एकाने तर सायकलला दोन्हीकडे कॅन बांधून आणले होते. घरात नळाला पाणी येतंय हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. टँकर आला की रांग लावायची, हे आमच्या हाडात गेलंय. रांगेत पहिला नंबर आईचा. (आईला गुडघ्यांमुळे चालवत नाही असं मी समजत होतो.)

ड्रायव्हर आधी हात जोडून सांगत होता, मग ओरडून सांगू लागला. लोकांना वाटलं हा पाणी द्यायला कुरकुर करतोय, असे ड्रायव्हर आम्ही पुष्कळ पाहिलेत. कुणीतरी मागे जाऊन सफाईने पाइप सोडवला. पुढचं लिहीत नाही. वास आल्यावर मागच्या लोकांना परिस्थिती कळली आणि ते पांगले, पण पुढच्यांना नंबर सोडवेना. आईने तर कळशीत डोकावून पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "राहू दे थोडा वेळ, गाळ खाली बसेल." मी हाताला धरून तिला बाजूला केलं तेव्हा मागची बाई लगेच पुढे सरकली, आणि त्यावरून दोघींचं जे भांडण झालं त्यात टँकरचा मालक, इंजिनियर आणि माझं शिक्षण ह्या सगळ्यांचा उद्धार झाला. ड्रायव्हर जीव घेऊन पळाला, टँकरसकट. जिवाणूंच्या तोंडचा घास गेला. इंजिनियर रिकाम्या टाकीच्या कठड्यावर बसून होता, त्याला मी घरी आणून साखरेचा चहा पाजला. कप मात्र आईने लिंबापाशी विसळला.

तर असं आमचं बरं चाललंय. आमची काळजी करू नका. ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि पाठीला जपा.

आपला मेहुणा
(सचिव)

ता. क. सहज आठवलं म्हणून लिहितो. टँकरनंतर पुन्हा सभा झाली आणि असं ठरलं की पाणी आपलंच हवं, फक्त ते सांडणारी माणसं बाहेरून आणायची. नात्यातलं जे माणूस सर्वांत जास्त पाणी वापरतं त्याला प्रत्येक घराने समिती येण्याआधी पाहुणा म्हणून बोलवावं. आमच्या घरातून कुणाचं नाव द्यायचं ह्यावर चर्चाच झाली नाही, बायकोने आणि मी एका दमात तुमचं घेतलं. तुमच्या आंघोळीचं वर्णन ऐकून इंजिनियरच्या डोळ्यांत पाणी आलं. (तेही गटारात सोड म्हटलं.) तेव्हा चांगले आठ-पंधरा दिवस सहकुटुंब या. ह्यालाच हेतू म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

ता. क. दुसरा. ह्या घरातही न्हाणीघराबाहेर कॉक होता, तो मी प्लंबर बोलावून काढून टाकलाय, ती भीती नको. दाढी करताना नळ चालू ठेवा, दाढी दोनदा केलीत तर फारच उपकार होतील. साबण मात्र बेताने लावा, जिवाणूंना सोसत नाही.

ता. क. शेवटचा. पाकीट चिकटवायच्या आधी आईने पत्र वाचून दाखवायला लावलं. मी कॉकचा भाग गाळून वाचत होतो, ते तिने ओळखलं आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा वाचायला लावलं. आता ती हे फाडणार अशी माझी खात्री होती. तिने फाडलं नाही. म्हणाली की जावयांना लिही, ते आंघोळीला गेले की मी शेजाऱ्यांकडे जाऊन बसत जाईन, म्हणजे मला नळाचा आवाज ऐकूच येणार नाही. माफीच्या इतक्या जवळ ती आजवर गेलेली मला आठवत नाही, भाऊजी, तेव्हा एवढ्यावर भागवून घ्या. नंतर ती आत गेली, पुन्हा बाहेर आली, आणि ताईला निराळं लिही म्हणाली. काय लिहू विचारलं, तर दाराकडे पाहत म्हणाली, "तिला लिही, तू आंघोळ नाही केलीस तरी चालेल. ती समिती येऊन गेल्यावर आलीस तरी चालेल. पण ये."