खुडलेली अंबाडी

मंठाळ, ४ डिसेंबर

तीर्थरूप अप्पांना विजीचा वाकून नमस्कार. फोन उचलेनात म्हणून पत्र. पोस्टमनला तरी दारातून परत धाडणार न्हाईत!

इकडं तूर चांगली हाय. सासूबाईंचा गुडघा दुखायलाय, तोंड मात्र ठणठणीत हाय.

अंबाडी कापून पेंढ्या तळ्यात कुजत घातल्या होत्या. वास असा सुटला की शेजारची लक्ष्मम्मा कन्नडमधून शिव्या द्यायली. साल सुटली की सासूबाई वाख ओढून काढतात. आजवर त्याचे दोर वळायच्या. आता मी तोच वाख बारीक तोडून, राखेच्या पाण्यात शिजवून, कुटून कागद करायलेय. बिदरचा दुकानदार लग्नपत्रिकांसाठी न्यायलाय. हा कागद त्यातलाच, पण त्यानं बाजूला काढलेला.

गाठी दिसायल्यात ना? त्या तुमच्या हायत! श्रावणात मला माहेरी मुडबीला न्यायला आला होतात, तवा भाजीसाठी बांधावरच्या अंबाडीचे शेंडे खुडलेत. "अप्पा, ती वाखाची हाय" म्हणेपर्यंत उपरणं भरलं. शेंडा गेला की अंबाडी फांद्या फोडती अन् वाखात गाठी येतात. तुमाला कामून बोलू, तुमाला ती भाजी लई आवडती. पण मी माहेरी यायला "न्हाई" म्हणताच तीच भाजी तशीच टाकून, उपाशी उठून गेलात. मला लई लागलं. सासूबाईपण त्या दिवशी जेवल्या न्हाईत.

तुमी म्हणालात, जावई गेला, आता त्या घरात तुझं कोण हाय? त्याचं उत्तर सांगते. हे गेल्यावर मी भिंतीला टेकून बसायची. ह्याच सासूबाईंनी हाताला धरून मला तळ्यात उतरवलं. म्हणाल्या, "रडायचं तर वाख धूत रड." तवापासून मी उभी हाय. कुणाची दया येऊन राहिली न्हाई, अप्पा. मला इथं करमतंय.

म्हणून गाडी धाडू नका. माझ्या दुसऱ्या लग्नासाठी बघितलेल्या उदगीरच्या पाहुण्यांनाही न्हाई म्हणून कळवा.

तुमी मात्र येळवसला, अवसेच्या शेतातल्या जेवणाला, या. त्या दिवशी कुणी कुणाच्या शेतातून उपाशी जात न्हाई. विहिरीपाशी अंबाडीचा एक वाफा उशिरा पेरलाय, नुसता भाजीचा. तो मनसोक्त खुडा. बांधावरच्या अंबाडीला हात लावू नका.

तुमचीच, पण मंठाळची,
विजयश्री