मागच्या सीटवरची कळशी

प्रिय अर्पिता,

फोन करायचं सोडून आई पत्र का लिहीत बसली, असं तुला वाटेल. पण मी फोन घेऊन ओट्यावर बसले की तुझे अण्णा गाडीखाली असतील तिथं ठोकाठोकी बंद करतात. बाहेर नुसते पाय दिसतात, पण ते पाय ऐकत असतात. म्हणून हा कागद. शेजारची फरहाना शाळेच्या कामानं जालन्याला येणार आहे, ती तुझ्या हातात देईल. जावईबापूंनी वाचलं तरी चालेल, तुझ्या सासऱ्यांच्या हाती मात्र लागू देऊ नकोस. काकासाहेब माणूस चांगला आहे, पण त्यांच्या जिभेला ब्रेक नाही.

तुझे पाय सुजतात म्हणालीस. ते डॉक्टरीणबाईंच्या कानावर घाल, नुसतं सासूबाईंना सांगून भागायचं नाही. आता दिवस भरत आलेत आणि मला एकच घोर लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी आणि न्यायला माहेरचं माणूस येणार, ही आपली रीत. तुला भाऊ नाही, म्हणजे अण्णांनीच यायला हवं. दोन दिवाळ्यांना तुझ्या चुलतभावाला, धर्मराजला पाठवून वेळ मारून नेली. बाळंतपणालाही तोच गेला तर लोक काय म्हणतील ते म्हणोत, तुला काय वाटेल ते मला माहीत आहे. आणि अण्णा तर लग्नापासून तुझ्या दारात पाऊल टाकायला तयार नाहीत.

तुझी पाठवणी आठवली की मला अजून हसू येतं, आणि मी हसले की अण्णा जेवताना माझ्याशी बोलत नाहीत. जन्मभर एसटीत कंडक्टर म्हणून दुसऱ्याच्या गाडीची घंटी वाजवलेला माणूस. लेकीला आपल्या गाडीतून, आपल्या हातानं चालवत सासरी पोचवायचं, ही त्यांची केवढी हौस. गाडी तुझ्याहून थोरली, आपल्या घरी आली तेव्हाच तिचे दोन मालक होऊन गेलेले. निम्म्या वाटेत तिनं वाफ सोडली. बँडवाल्यांनी ढकललं, जावईबापूंनी फेट्यासकट ढकललं, आणि शेवटी तू आंदणाच्या टेम्पोत, कपाट आणि फ्रीजच्या मधे बसून सासरी उतरलीस. मागून अण्णा रडतखडत पोचले, तर काकासाहेब भर दारात म्हणाले, "व्याही, पोरगी दिली तशी गाडीबी इथंच सोडा, सकाळी भंगारवाला येतो." सगळे हसले, तूही हसलीस. वर म्हणालीस, "मी काही परत ह्या डब्यात बसायची न्हाई." झालं. "जी माझ्या गाडीत बसायची न्हाई, तिच्या दारात मी यायचो न्हाई," असं म्हणून हे पाणीही न पिता माघारी फिरले. तू थकली होतीस, भुकेली होतीस, बोलून गेलीस. पण पुढं दोघांपैकी एकानंही माघार घेतली नाही. बाप तसा, लेक तशी, आणि मधे मी.

तर आता बातमी. तू गोड बातमी दिलीस त्याच आठवड्यात अण्णांनी जाहीर केलं, की गाडी विकायची. पण विकायची तर नीट करून विकायची, आणि घरच्या गाडीचं काम घरच्याच माणसानं करायचं. मी भाबडी, मी देवापुढं साखर ठेवली. त्यानंतर माझं स्वयंपाकघर एकेक डबा करत गाडीच्या पोटात गेलं. रेडिएटर गळतो म्हणून त्यात हळद टाकली. लोक चमचा-दोन चमचे टाकतात, ह्यांनी डबा उपडा केला, आणि पुढं आठवडाभर गाडी गल्लीतून गेली की घराघरांतून फोडणीची चौकशी व्हायची. पेट्रोलची टाकी पाझरते म्हणून तिथं माझा अंगाचा साबण घासला. बॅटरीवरचं पांढरं काढायला खायचा सोडा नेला. जळकं ऑईल धरायला पुरणाची परात. त्या परातीत आता मी कणीक मळत नाही, नुसती तिच्याकडं बघते.

अलीमभाईंनी आपलं गॅरेज लेकाच्या, नदीमच्या हवाली केल्यापासून ते रोज दुपारी आपल्या ओट्यावर येऊन बसतात. गाडीला हात लावायची त्यांना बिलकुल मनाई आहे. मग ते चहा घेतात आणि गाडीखालच्या पायांना सूचना देतात. एकदा अण्णांनी कार्बोरेटर खोलून परत जोडला, तर एक स्क्रू उरला. अलीमभाई गंभीरपणे म्हणाले, "रामराव, जादाचा दिला असंल." अण्णांनी पुन्हा खोलला, पुन्हा जोडला, तर दोन उरले. त्या दिवशी अलीमभाईंनी चहा अर्धा टाकून घर गाठलं, हसायला.

पार्ट आणायला अण्णा दर आठवड्याला एसटीनं जुन्या जालन्यात यायचे. तुझं घर तिथून रिक्षानं किती लांब? परत आले की मी विचारायची, अर्पूकडं गेल्ता का? "काम व्हतं," एवढंच म्हणायचे आणि पिशवीतला नट-बोल्ट पुसत बसायचे. खरं सांगते, मला फार राग यायचा. विकायच्या गाडीसाठी इतक्या खेपा आणि पोटच्या पोरीसाठी एक नाही. एकदा तर मी भाकरी थापता थापता रडले.

मागच्या महिन्यात माझी पितळी कळशी गायब झाली. घर पालथं घातलं. सापडली ती गाडीत, मागच्या सीटवर. खाली चुंबळ, पाठीला उशी, पोटावरून पट्टा बांधलेला, आणि काठोकाठ पाणी भरलेलं. अण्णा ती घेऊन भोकरदनच्या रस्त्यानं निघाले आणि परत आले तेव्हा कळशी निम्मी आणि सीट चिंब. सीट मी गच्चीवर कुरडयांशेजारी वाळवली. दुसऱ्या दिवशी अण्णांनी मागचे शॉकअप खोलले. नवे बसवले, पुन्हा कळशी भरली. मग चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस, मग चाकांतली हवा थोडी कमी, आणि दर खेपेला परत आले की फूटपट्टी घालून पाणी किती सांडलं ते बघणं. गावात कुणी म्हणालं रामरावांनी पाण्याचा धंदा काढला, कुणी म्हणालं नवस आहे. मी विचारलं तर म्हणाले, "टेस्टिंग करून राह्यलो." अलीमभाई मात्र जाता जाता मला म्हणाले, "भाभी, विकायच्या गाडीत पाणी कोण फिरवतं? जरा दिमाग लावा."

दिमाग मी लावला नाही, मी सरळ पुढच्या सीटवर जाऊन बसले. अण्णा कुरकुरले, पण निघालो. बैलगाडी आम्हाला मागं टाकेल अशा बेतानं. पहिला खड्डा आला तसे अण्णा हळूच म्हणाले, "धरून बस, बाळा." मी घट्ट धरलं. अगं, इतक्या वर्षांच्या संसारात ह्या माणसानं मला कधी बाळा म्हटलं नव्हतं, मी चक्क लाजले. मग बघते तर त्यांची नजर माझ्याकडं नव्हतीच, आरशात होती, कळशीवर. पुढचा गतिरोधक आला, पुन्हा तेच, "धरून बस, झालंच आता." मी तोंड खिडकीकडं फिरवलं आणि पदर डोळ्यांना लावला. धूळ गेली म्हणून सांगितलं. ती कळशी तू होतीस, अर्पिता.

काल ती भरून नेली आणि भरलेलीच परत आणली. म्हणजे येत्या रविवारी ते येणार, मला सांगितलं नसलं तरी. नदीमला जीप घेऊन मागं राहायला सांगितलंय, तेही मला चोरून, म्हणजे वाटेत काही झालंच तर तुझा खोळंबा नको. डॉक्टरीणबाईंना विचारून ठेव, त्या नको म्हणाल्या तर विषय संपला, मला फरहानाच्या हाती तसं कळव, मी अण्णांना समजावीन. हो म्हणाल्या तर बॅग भरून ठेव, पण दारात ठेवू नकोस, नाहीतर त्यांना कळेल की मी फितूर झाले. "पार्ट घ्यायला आल्तो, वाटेत घर व्हतं," असं काहीतरी म्हणतील. खरं मान. काकासाहेबांना तेवढा वेळ भाजी आणायला पाठव. चल म्हणून अण्णा तुला म्हणणार नाहीत, ते त्यांना जमायचं नाही. ते फक्त मागचं दार उघडतील आणि टायर बघत असल्यासारखं दुसरीकडं बघत उभे राहतील. तेव्हा काही बोलू नकोस, हसू नकोस, नुसती जाऊन बस.

तुझ्या वाटेकडं डोळे लावून बसलेली,
तुझीच,
आई