आधी आपल्या जिभेवर

अप्पा, परवा मी भर सभेत तुमच्या जिभेविरुद्ध बोलले. तिकडं वर गेलेल्या तुमच्या मित्रमंडळींपैकी कुणी चहाडी करायच्या आधी ते माझ्याच तोंडून ऐका. आणि रागवायचं असेल तर खुशाल रागवा, मी शब्द मागे घेणार नाही.

सध्या आपल्या पेठेत दुसरा विषय नाही. चूर्णं, काढे, ताकदीच्या गोळ्या, ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असं छापलेल्या डब्या, या सगळ्यांवर सरकारनं कडक नियम आणावेत की नाही, यावरून रान पेटलंय. मालाची प्रयोगशाळेत तपासणी करायची, आत काय आहे ते पाकिटावर खरंखरं छापायचं, एवढंच मागणं आहे. पण आपले व्यापारी म्हणतात, झाडपाल्याला कसली आलीय तपासणी? सभेत तुमचे जुने दोस्त उठले, जे आता व्यापारी मंडळाचे अध्यक्ष आहेत, आणि माझ्याकडं बोट करून म्हणाले, “हिच्या अप्पाची जीभ हीच आपली लॅब होती की! चाटून सांगायचा माणूस. त्याच्या औषधानं कुणाला काय झालं का कधी?” टाळ्या पडल्या. अप्पा, तुमच्यासाठी टाळ्या पडताना मला बरं वाटायला हवं होतं. मला संताप आला.

कारण मला तुमचं दुकान आठवत होतं. मी सात-आठ वर्षांची असेन. तुम्ही गादीवर बसलाय, समोर अक्कलकोटकडचं एक गिऱ्हाईक, आणि तुमचा नेम ठरलेला: पुडी बांधायच्या आधी त्यातली चिमूट आपल्या जिभेवर, मग गिऱ्हाइकाच्या हातावर. “नालिगे सुळ्ळ हेळूदिल्ल,” तुम्ही त्याला कानडीत सांगता. जीभ खोटं बोलत नाही. मग मला जवळ बोलावता आणि काडेचिराइताची चिमूट माझ्या तोंडात टाकता. मी थू करून तिथंच थुंकते. गिऱ्हाईक हसतं, तुम्ही हसत नाही. ते गेल्यावर तुम्ही म्हणता, “आपुनच थुकलो तर त्यानं कुणाच्या भरवशावर गिळायचं गं?” पुन्हा एक चिमूट देता. मी डोळे गच्च मिटून गिळते. मग तुम्ही कोटाच्या खिशातून खडीसाखरेचा खडा काढून माझ्या तळहातावर ठेवता. काय कडू होतं ते, देवा! पण त्या दिवसानंतर मी कधी थुंकले नाही. सुंठ जुनी आहे की नवी, अश्वगंधेत दुसरी मुळी मिसळलीय का, हे मला आजही जिभेवर ठेवल्याबरोबर कळतं. हे तुमचंच देणं, ते मी नाकारत नाही.

पण गेल्या वर्षीचं ऐका. आपल्या मागच्या गल्लीत विड्या वळणारी एक बाई राहते. दिवसभर मांडी घालून सूप मांडीवर, त्यामुळं गुडघ्यांचा पार भुगा झालेला. तिनं कुठून तरी सांधेदुखीच्या पुड्यांचं रंगीत पाकीट आणलं आणि खायच्या आधी आपल्याकडं घेऊन आली. का? तर ह्या दुकानात चाखून सांगतात म्हणून. “ताई, तुमी चाखून बगा की. चांगलं हाय न्हवं?” मी चाखलं. सुंठ, रास्ना, गुळवेल, सगळं बरोबर लागलं. म्हटलं, खा. आठवडाभरात ती जिना धावत चढायला लागली, मला पेढे घेऊन आली! पुढं तिचं तोंड सुजलं, साखर वाढली, आणि पुड्या थांबवल्या तर उठून बसता येईना. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ती पुडी तपासून घेतली. आत स्टेरॉइड कुटून घातलेलं निघालं. जिभेला त्याचा मागमूसही लागला नव्हता. मी तिला भेटायला गेले तर ती बाई मलाच समजावते, “जाऊ द्या ताई, तुमाला तरी काय म्हाईत.” अप्पा, तेच तर! मला माहीतच नव्हतं, आणि माहीत असल्यासारखं मी सांगितलं होतं.

म्हणून सभेत उठले. म्हटलं, “काका, जीभ खोटं बोलत नसेल, पण तिला सगळं दिसत नाही. तपासणी झालीच पाहिजे.” काका भडकले. “उचलली जीभ लावली टाळ्याला! लहान दुकानं बंद पडतील, कळतं का तुला?” मी म्हटलं, “मग लहान दुकानांसाठी सरकारनं इथंच सोलापुरात स्वस्तात सोय करावी, त्यासाठी भांडू की. मी पुढं उभी राहते. पण विष विकायची मुभा मागायला मी तुमच्यासोबत येणार नाही. कर नाही त्याला डर कशाला?” मागून कुणी तरी ओरडलं, “मग आधी तुझ्या बापाची पूड दे तपासायला!” म्हटलं, “देते.”

आणि दिली. तुमची ती वाताची पूड, तुमच्याच प्रमाणानं मी माझ्या हातानं कुटलेली. तिच्यात कुणी काही मिसळलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. पण मुळ्या जमिनीतनं येतात, आणि आताच्या जमिनीत, पाण्यात काय काय मुरलंय, शिसं आहे की आणखी काही, ते तुम्हाला तरी कुठं कळलं असतं? निकाल येईपर्यंत विक्री बंद केलीय. जुनी गिऱ्हाईकं चिडतात, “अप्पा असते तर असं झालं नसतं,” म्हणतात. व्हय, नसतं झालं. निकाल वाईट आला तर पूड कायमची बंद करीन आणि पाकिटावरचा तुमचा फोटोही काढीन. भिंतीवरचा हार घातलेला राहील. तो बापाचा आहे.

हे पत्र कुठं टाकायचं, ते मला ठाऊक नाही. गल्ल्यात ठेवून देईन. फक्त एक सांगायचं राहिलं. आज सकाळी दुकान उघडल्यावर, कुणी यायच्या आत, मी ती बंद केलेली बरणी उघडली आणि चिमूटभर पूड जिभेवर ठेवली. अगदी तीच चव, अप्पा, तुमच्या हातची. पूड चांगली की वाईट, ते ती चव मला काही सांगत नव्हती. थुंकायला हवं होतं. सभेत एवढं बोलून आले होते, थुंकायलाच हवं होतं.

गिळली.